गणपतीआधी अंगण धुऊन मिळेल : प्रेशर वॉशिंगच्या पहिल्या सीझनच्या नोंदी

गाव कोकणात, देवरुखच्या बाजूला. माणसं दोन, मी आणि मावसभाऊ. गिऱ्हाईक म्हणजे मुख्यतः चाकरमान्यांची बंद घरं, वर्षभर कुलूप आणि गणपतीला वीस माणसं. पावसाळ्यात अंगण, पाखाडी (पायऱ्यांची वाट), गडगा (दगडी कुंपण) सगळं हिरवंकाळं होतं आणि पहिल्याच दिवशी कोणीतरी आपटतं. जोराच्या पाण्याच्या मशीनने हे धुऊन द्यायचा धंदा चालेल असं वाटलं म्हणून उडी मारली. रोज रात्री वहीत लिहायचो तेच टाइप केलंय, नंतर कळलेलं मध्ये मध्ये घातलंय, कोणी करणार असेल तर माझे पैसे गेले तिथे तुमचे जाऊ नयेत म्हणून.

१८ मे २०२५

सामान आलं. मशीन २६,५०० (सिंगल फेज, २२०० वॉट, इंडक्शन मोटर, चालताना दाब ११०-१२० बार, मिनिटाला ९ लिटर पाणी). २० मीटर जादा होज ३,२००. गोल सरफेस क्लीनर ४,८००. ३० मीटर तांब्याची केबल, २.५ स्क्वेअर एमएम, ३,९००. पाठीवरचा बॅटरी फवारणी पंप १६ लिटरचा, २,९००. गॉगल, गमबूट, हातमोजे, मास्क १,७००. ५०० लिटरची टाकी २,८००. ईएलसीबी (करंट गळला की लाइट तोडणारा स्विच) बसवलेला बोर्ड करून घेतला १,९००. एकूण ४७,७००. गाडी मावसभावाचा छोटा हत्ती, त्यामुळे ते पैसे वाचले, डिझेल मात्र माझं.

सात-आठ हजारातली घरगुती मशीन मिळतात, बाइक धुवायला ठीक, पण त्यात कार्बन ब्रशची मोटर असते, सलग अर्धा तास चालवली की तापून वास यायला लागतो. दिवसाला पाच तास चालवायचं असेल तर इंडक्शनच घ्या. आणि बागायतदार हापूसला औषध मारायला जो एचटीपी पंप वापरतात त्याने अंगण धुता येईल का असं तीन जणांनी विचारलं. मीही करून बघितलं होतं. पाणी लांब जातं, झाड धुतलं जातं, पण फरशीला चिकटलेलं शेवाळ हसत बसतं.

प्लॅन असा की मेच्या शेवटच्या पंधरा दिवसांत आंबे आणि सुट्टीवाले गावात आहेत तोवर पाच-सहा कामं करायची, पावसात बंद, मग गणपती, मग दिवाळी.

२६ मे

प्लॅन पाण्यात, अक्षरशः. काल २५ तारखेलाच मान्सून कोकणात उतरला. जूनच्या सात तारखेचा हिशोब धरून बसलो होतो. ठरलेली तिन्ही कामं रद्द, लोक गाठोडी बांधून मुंबईला. त्यातलं एक काम कौलं धुवायचं होतं, ते गेलं ते बरंच झालं हे नंतर कळलं, मंगलोरी कौलाखाली खालून पाण्याचा फवारा शिरला की रिपा आणि वासे भिजतात आणि माळ्यावरचं सगळं सामान आंघोळ करतं.

१२ जून

शेवाळ मारायचं केमिकल घ्यायला गेलो, लोटे एमआयडीसीच्या बाजूला एक डीलर आहे. त्याआधी गंमत सांगतो. देवरुखात एका दुकानात "हायपो आहे का" विचारलं तर त्याने पांढऱ्या खड्यांची पिशवी दिली, १ किलो. घरी येऊन पाण्यात विरघळवली, शेवाळावर मारली, काहीच नाही. दुसऱ्या दिवशीही काहीच नाही. मग कळलं की हा फोटोवाल्यांचा हायपो, म्हणजे सोडियम थायोसल्फेट. आपल्याला पाहिजे तो सोडियम हायपोक्लोराइट, पिवळसर पाणी, ज्याचा वास पोहण्याच्या तलावासारखा येतो. दोघांनाही लोक हायपोच म्हणतात आणि मजा म्हणजे पहिला हा दुसऱ्याला मारतो, क्लोरीन उतरवायलाच तो वापरतात. पिशवी कोपऱ्यात टाकली. (नंतर कामाला आली.)

तर खरा हायपो, ५० लिटरचा निळा कॅन, साधारण १० टक्के म्हणून दिला, १८ रुपये लिटर. दोन कॅन घेतले, म्हणलं सीझनला पुरतील. ही चूक होती, खाली येतंच.

५ जुलै

उद्या एकादशी, गावात गडबड, तरी शेजारच्या काकांनी "आमचं अंगण करून बघ" म्हणून बोलावलं. सिमेंटचा कोबा, सव्वातीनशे स्क्वेअर फूट, ८०० रुपयात ठरलं. केमिकल वापरलंच नाही. नुसत्या पाण्यावर असं चकाचक निघालं की काकांनी वाडीतली चार माणसं बोलावून दाखवलं. सरफेस क्लीनर फिरवला की मागे पांढरा पट्टा उमटत जातो, बघायला खरंच मजा येते, मावसभावाने व्हिडिओ केला.

२७ जुलै

काकांचं अंगण परत हिरवं. बावीस दिवसांत. पागोळ्या पडतात त्या पट्ट्यात तर आधीपेक्षा जास्त. काका काही बोलले नाहीत पण रस्त्यात भेटले की अंगणाकडे बघतात.

झालं काय, मशीनने वरचा थर उडाला पण कोब्याच्या बारीक भोकांत जे बसलेलं होतं ते जिवंतच राहिलं, त्यात पाऊस चालू. आज फुकट परत केलं, या वेळी आधी हायपो मारून अर्धा तास ठेवला आणि मग साध्या पाण्याने धुतलं. प्रेशर जवळजवळ लागलंच नाही. शेवाळ हिरव्याचं फिकट होतं, मग पिवळट-पांढरं पडतं, तेव्हा समजायचं मेलं.

पण कॅन उघडल्यावर शंका आली, वास कमी वाटला. १:४ केलं (एक भाग हायपो, चार भाग पाणी, म्हणजे १० टक्क्याचा २ टक्के) तरी अर्धा तास लागला. ग्रामपंचायतीत पाण्यातला क्लोरीन बघायचं किट असतं, क्लोरोस्कोप, पाण्यात द्रावणाचे थेंब टाकले की पिवळा रंग येतो. पाणीपुरवठ्याच्या दादांकडून मागून आणलं. हिशोब सोपा आहे : १० टक्के हायपो असेल तर १०० लिटर पाण्यात १ मिली टाकला की साधारण १ पीपीएम (दहा लाखात एक भाग) यायला पाहिजे. सिरिंजने टाकला, ढवळलं, आलं निम्म्यापेक्षा कमी. विहिरीचं पाणी स्वतःच थोडा क्लोरीन खातं म्हणून नुसत्या आकड्यावर जाऊ नका, ताजा माल शेजारी ठेवून तुलना करा. मी डीलरकडून बाटलीभर ताजा आणून दोन्ही सारखेच तपासले, ताजा जवळजवळ पूर्ण, माझा अर्धा.

म्हणजे दीड महिन्यात निम्मी ताकद उडाली. मी कॅन पत्र्याच्या शेडमध्ये ठेवले होते, आणि एकाचं झाकण घट्ट लागत नव्हतं म्हणून कॅन फुगत नाही असं समजून खूश होतो. उष्णता आणि ऊन या दोन गोष्टींनी हायपो मरतो, आणि जितका जास्त टक्क्याचा तितका भराभर. आता नियम : एका वेळी एकच कॅन, पंधरा दिवसांत संपेल एवढाच, आणि ठेवायचा घरामागच्या अंधाऱ्या खोलीत, पण जिथे कोणी झोपत नसेल अशाच.

२ ऑगस्ट

आजची नोंद लिहायची इच्छा नाही.

साखरप्याकडचं घर, जांभ्याच्या चिऱ्याचं कंपाउंड, बाहेरून गिलावा नाही, नुसता चिरा. मालक मुंबईत, चावी बहिणीकडे. भिंत काळीकुट्ट झालेली. मी पिवळा नोझल लावला (१५ डिग्रीचा) आणि जवळून, वीतभर अंतरावरून मारला. काळं निघालं, खाली लालभडक नवा चिरा दिसला, आम्ही दोघं खूश, आणि खाली बघतो तर लाल चिखलाचा ओहोळ. तो मळ नव्हता. तो चिरा होता.

जांभा खाणीतून काढतात तेव्हा मऊ असतो, हवा लागून लागून वरून कडक होतो. ती कडक साल मी सोलून काढली. आतला भाग भुसभुशीत, बोट फिरवलं तर पावडर. तीन ओळी चिरे, साधारण पंधरा फूट लांबीला खड्डे पडले. बहीण म्हणाल्या, "काय रे, भिंत धुतलीस की खरवडलीस?" मालकाशी फोनवर बोललो, खोटं नाही बोललो, २,००० कापून घेतले त्यांनी, गवंडी लावायला. मजुरी २,२०० ठरली होती. म्हणजे दिवसाला दोघांत दोनशे रुपये, डिझेल वेगळं.

उरलेली भिंत हायपो १:६ करून फवारली, वीस मिनिटांनी साध्या नळीने धुतली. काळं सगळं एका दिवसात नाही गेलं, पण बहिणीने चार दिवसांनी फोटो पाठवला, पावसाने उरलेलं आपोआप उतरलं होतं. तेव्हापासून चिरा, गडगा, जुनं चुन्याचं बांधकाम, यांना प्रेशर लावतच नाही. लावायचाच तर पांढरा ४० डिग्रीचा नोझल आणि दोन हात लांबून. लाल नोझल (० डिग्री, सरळ रेघ) तर मी डब्यातून काढूनच टाकला, मावसभाऊ त्याने गमबूटावरचा चिखल काढायला जात होता. कातडी फाडतं ते.

७ ऑगस्ट

हायपो मारायची आमची पद्धत आता बसली आहे ती लिहून ठेवतो.

फवारणी पंपात पाणी आधी, हायपो नंतर, शेवटी झाकणभर भांड्यांचा साधा लिक्विड साबण. साबणाने उभ्या भिंतीवरून ओघळत नाही, धरून राहतो. साबण घेताना लिंबू-व्हिनेगरवाला घेऊ नका. कोब्याला आणि पेव्हर ब्लॉकला १:४, भिंतीच्या रंगाला १:९ आणि आधी कोपऱ्यात ट्रायल. खालून वर मारायचा, वरून खाली मारला तर ओघळाच्या रेघा राहतात. दहा ते पंधरा मिनिटं, आणि वाळू द्यायचा नाही. वाळला की पांढरे मिठासारखे डाग आणि काम अर्धवट. अॅल्युमिनियमच्या खिडक्या, ग्रिल, कडीकोयंडे आधी पाण्याने भिजवायचे, मारून झाल्यावर परत धुवायचे.

झाडांचंही तेच, आधी भिजवा, नंतर परत भिजवा. हे मला माहीत होतं. तरी आज एका काकींच्या वृंदावनाच्या पायऱ्या धुताना वाऱ्याने फवारा उडाला आणि तुळस भिजवायची राहिली. संध्याकाळपर्यंत पानं करपून तपकिरी. काकी काही ओरडल्या नाहीत, नुसतं म्हणाल्या, "कसलं औषध मारलंस रे बाबा?" ते ओरडण्यापेक्षा वाईट. उद्या बाजारातून रोप नेऊन देणार, ८० रुपये. आणि ती थायोसल्फेटची पिशवी आठवली! आता बादलीत चमचाभर खडे विरघळवून ठेवतो आणि चुकून झाडावर उडाला तर लगेच ते पाणी मारतो. पान करपायच्या आत मारलं तर वाचतं.

१० ऑगस्ट

शहाबादी फरशी. पडवीत पांढरे डाग, बोअरच्या पाण्याचे. मला वाटलं क्षार आहेत, अॅसिड मारलं की निघतील, घराघरांत संडासाला वापरतात तेच हार्डवेअरवाल्याकडचं अॅसिड, म्हणजे हायड्रोक्लोरिक. बाटलीवर टक्केवारी वगैरे काही नव्हतं. पाण्यात १:१० केलं (अॅसिड पाण्यात टाकायचं, पाणी अॅसिडमध्ये नाही, एवढं शाळेतलं लक्षात होतं) आणि ओतलं.

फेस आला. क्षार विरघळतायत म्हणून मी अजून ओतलं. क्षार तर विरघळलेच, पण शहाबादी फरशी हा मुळात चुनखडीचाच दगड. कडप्पाही तोच प्रकार. जे डाग काढायचे तेच फरशीचं अंग, अॅसिडला फरक काय कळणार. धुऊन वाळल्यावर वीस फरशा मॅट, खरखरीत, बाकी पडवी गुळगुळीत. मालकांना व्हिडिओ कॉलवर दाखवलं, ते दोन मिनिटं गप्प. मग पॉलिशवाल्याला बोलावून त्या फरशा घासून घेतल्या, ४,५०० माझ्या खिशातून. कामाचे मिळणार होते १,८००, ते मागायचं तोंडच नव्हतं.

आता कुठलीही दगडी फरशी असली की कोपऱ्यात लिंबाचा थेंब टाकून दोन मिनिटं बघतो. बारीक बुडबुडे आले की अॅसिडची बाटली गाडीतच. लिंबू गणपतीच्या सीझनला कुठल्याही घरात मिळतं.

१४ ऑगस्ट

हे नीट वाचा, बाकी सोडलंत तरी चालेल.

मागच्या दारी जुनं संडास-बाथरूम, भिंती बुरशीने काळ्या. मी आत हायपो फवारायला लागलो. घरातल्या वहिनींनी आम्ही यायच्या आधी मदत म्हणून संडासाच्या भांड्यात आणि मोरीत टॉयलेट क्लीनर ओतून ठेवला होता, आम्ही विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. टॉयलेट क्लीनर म्हणजे अॅसिडच. हायपो ओघळत खाली गेला, दोघांची गाठ पडली आणि क्लोरीन गॅस सुटला. आधी वाटलं हायपोचाच वास, त्याची सवय झालेली असते ना, मग घसा आवळल्यासारखा झाला, डोळ्यांतून पाणी. मावसभाऊ खाली वाकून जाळी काढत होता, त्याला माझ्यापेक्षा जास्त लागला कारण हा गॅस हवेपेक्षा जड, खालीच साठतो. त्याला कॉलरला धरून बाहेर ओढला. खिडकी इतकीशी.

तो अर्धा तास खोकत होता, डॉक्टरकडे नेला, नेब्युलायझर दिला, दोन दिवस घरी. डॉक्टर म्हणाले वेळेत बाहेर आलात. आमच्याकडे जो मास्क होता तो धुळीचा, गॅसला त्याचा काही उपयोग नाही हेही तेव्हाच कळलं.

तेव्हापासून पोचल्यावर पहिला प्रश्न हाच, "आज सकाळपासून फरशीला, संडासाला काय काय टाकलंय?" उत्तर काहीही येवो, आधी पाच मिनिटं पाणी मारून घ्यायचं. अॅसिडची बादली लाल, हायपोची निळी, मग पंप, ब्रश सगळं वेगळं. एका दिवशी एका घरात दोन्ही वापरायचे नाहीत, म्हणजे नाहीत. बंद जागेत फवारणी नाही, स्पंज आणि बादली, दार सताड उघडं.

गोठ्याचं पण तेच. एकाने गोठा धुवायला बोलावलं होतं, गुरांच्या मुतात अमोनिया असतो, त्यावर हायपो पडला की वेगळाच पण तितकाच वाईट गॅस होतो. नाही म्हणून सांगितलं. शेणाने सारवलेल्या अंगणाचंही एकाने विचारलं होतं, त्यांना काय सांगणार, मशीन लावलं तर अंगणच शिल्लक राहणार नाही.

१९ ऑगस्ट

कालपासून धो धो. लाइट नाही. चार कामं पुढे ढकलली, गणपती २७ ला. फवारलेलं औषध दहा मिनिटांत धुऊन जातं म्हणजे पैसे ओढ्यात. घरी बसून होजच्या कपलिंगच्या ओ-रिंगा बदलल्या.

२० ते २६ ऑगस्ट

सात दिवस, अकरा घरं. रोज लिहायला झालं नाही, आठवतं तसं लिहितो.

दोन दिवस पाऊस अधूनमधून होताच. उघडीप बघून मारायचं, मिश्रण १:३ चं, दहाच मिनिटं, लगेच धुवायचं. छपराखालची जागा पावसात, उघडी जागा उघडीपीत. एवढं डोकं पहिल्या दिवशी चाललं नाही, उलटं करत बसलो.

व्होल्टेज. संध्याकाळी सहानंतर सगळ्या घरांत माणसं आलेली, पंप, गिझर, मिक्सर चालू, मीटरवर १७५-१८०. मोटर नुसती गुणगुणते, फिरत नाही. पहिल्यांदा तसंच धरून ठेवलं, कपॅसिटर गेला, ३५० रुपये आणि रत्नागिरीची अख्खी फेरी, अर्धा दिवस. आता स्विच टाकताना गनचं ट्रिगर दाबूनच ठेवतो, म्हणजे पंपावर लोड नसतो, मोटर उचलते. आणि पाचनंतर मशीनचं काम नाही, नुसती फवारणी आणि ब्रश.

पाणी. मिनिटाला ९ लिटर म्हणजे तासाला ५४० लिटर, आपली टाकी पंचावन्न मिनिटांत रिकामी. विहिरीवरचा पंप चालू असला तरी अर्ध्या इंची पाइपातून तेवढं येत नाही, मग मशीन खडखड आवाज करायला लागतं, ते हवा ओढतंय. तो आवाज आला की लगेच बंद. इनलेटच्या जाळीत लाल माती बसते, दर दोन तासांनी काढून धुवा.

आणि विहीर. आमच्याकडे बऱ्याच घरांची विहीर अंगणाच्या कडेलाच, उताराला. एका आजोबांनी मशीन चालू करायच्या आधीच काठी आडवी लावली, "ह्यातलं पाणी माझ्या विहिरीत गेलं तर तू पिणार काय?" बरोबर होतं त्यांचं. तेव्हापासून पोत्यात माती भरून बांध घालतो, पाणी पाणंदीच्या बाजूला काढतो, आणि विहिरीपासून दहा पावलांत औषधच नाही, तिथे ब्रश आणि कंबर.

पैशाची चूक : स्क्वेअर फुटाला ४ रुपये सांगत होतो. पाखाडी मोजताना कळलं की पायरीची उभी बाजू मी धरतच नव्हतो. तीस पायऱ्यांची पाखाडी चार तास खाल्ली, मिळाले ९००. पुढे कोबा-पेव्हर ५, पायऱ्या नगावर, आणि कमीत कमी १,५००, त्याखाली गाडी काढत नाही.

अकरापैकी तिघं "गणपती झाल्यावर देतो". २६ ला रात्री साडेनऊला शेवटचं घर संपलं, घरी आलो तर आमच्याच अंगणातलं शेवाळ तसंच. आई म्हणाली, "जगाचं धुऊन झालं असेल तर जरा इकडे बघा." हेडलॅम्प लावून ब्रशने काढलं.

४ सप्टेंबर

गौरी-गणपती गेल्यावर मशीन उघडलं, पंपाखालून गळत होतं. गर्दीच्या दिवसांत घाई म्हणून दोनदा फवारणी पंपाऐवजी मशीनच्याच साबणाच्या नळीतून हायपो ओढला होता. सील कडक होऊन चिरलेले, पितळेवर हिरवट थर. किट आणि मजुरी २,४००. मिस्त्री म्हणाला, दुसऱ्यांदा असं आणलंस तर हेडच बदलावा लागेल. हायपो मशीनमधून न्यायचा नाही, पाठीवरच्या पंपातून, आणि तोही संध्याकाळी दोनदा साध्या पाण्याने चालवून ठेवायचा.

८ ऑक्टोबर

दसरा झाला, दिवाळीची कामं सुरू. ही वेगळी आहेत. शेवाळ वाळलेलं असतं, पण रत्नागिरीकडच्या होमस्टेवाल्यांना पार्किंगचे पेव्हर ब्लॉक पाहिजेत, तेलाचे डाग, गंजाचे डाग.

तेलाला कॉस्टिक सोडा. २ लिटर गार पाण्यात १०० ग्रॅम फ्लेक्स, हळूहळू, ढवळत, पाणी आपोआप गरम होतं म्हणून घाबरायचं नाही पण वाकून बघायचंही नाही. अॅल्युमिनियमचं पातेलं घेऊ नका, कॉस्टिक ते खातं, प्लास्टिकची बादलीच. ब्रश, दहा मिनिटं, धुवा. ताजं तेल पूर्ण जातं. दोन वर्षांचं जुनं असेल तर सावली राहतेच, हे मी आता आधीच सांगतो, फोटो काढून.

गंजाला ऑक्झॅलिक अॅसिड, १ लिटर गरम पाण्यात ५० ग्रॅम. लोखंडी कुंडीस्टँडचे तपकिरी गोल डाग डोळ्यांसमोर उतरले, या सीझनमध्ये पहिल्यांदा एखादं केमिकल पहिल्या फटक्यात बरोबर वापरलं. विषारी आहे, हातमोजे पाहिजेत, मुलं-कुत्री लांब. शहाबादीवर नाही. आणि हेही अॅसिडच, त्यामुळे हायपो मारलेल्या दिवशी नाही.

पेव्हर धुताना सांध्यातली वाळू सगळी उडाली हे दुसऱ्या दिवशी मालकाने दाखवलं, ब्लॉक पायाखाली हलत होते. बारीक वाळू आणून झाडूने भरून दिली, एक दिवस गेला. वाळूचे पैसे त्यांनी दिले, भले माणूस. आता कोटेशनमध्ये "वाळू भरणे" वेगळी ओळ असते.

३० ऑक्टोबर

दिवाळी संपली तरी पाऊस काही जात नाही, लोकांचं भात शेतात भिजतंय, अशा वेळी कोणाला अंगण धुऊन घ्या म्हणायला लाज वाटते. दोन कामं होती ती मीच पुढे ढकलली. हिशोब करून टाकला.

पैसे लावून केलेली कामं २५, बिलाची रक्कम (उधारी धरून) ६९,६००. खर्च : केमिकल ९,४००, डिझेल ८,२००, मावसभाऊ ३२ दिवस सहाशेप्रमाणे १९,२००. भिंत, फरशी, तुळस, सील, कपॅसिटर मिळून ९,३३०. एकूण ४६,१३०. राहिले २३,४७०, त्यातले ६,७०० अजून लोकांकडे, म्हणजे हातात १६,७७०. मशीन-सामानाचे ४७,७०० अजून निघायचेत. माझी मजुरी यात धरलेलीच नाही, धरली तर वही बंद करावी लागेल.

नुकसानीचे नऊ हजार आणि केमिकलचे नऊ हजार. म्हणजे औषधाला जेवढे गेले तेवढेच औषध (आणि प्रेशर) कुठे मारायचं नाही हे शिकायला गेले.

वरच्या उधारीतली दोन घरं फोन उचलत नाहीत. एक मुंबईवाले म्हणतात मेमध्ये येतो तेव्हा देतो.

२ नोव्हेंबर

आजपासून तुळशीची लग्नं. सकाळी काकींचा फोन आला, त्याच काकी. वृंदावन धुऊन पाहिजे, संध्याकाळी लग्न आहे. मी नेऊन दिलेलं रोप बरं वाढलंय म्हणाल्या, मंजिऱ्या धरल्यात. मी म्हणलं येतो, गाडी काढतो.

"गाडीबिडी नको," म्हणाल्या, "ब्रश घेऊन ये. पाणी माझ्या घागरीतलं घे. आणि ते औषध गावाबाहेर ठेवून ये."

ब्रश घेऊन गेलो. पाऊण तास लागला. पैसे नाही दिले, ऊस आणि चिंचा-आवळे दिले.